चारातला एक

वासुदेवराव लांजेवार रागावले की डोळ्यांवरचा चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. भिंगं इतकी जाड, की चष्म्याशिवाय समोरच्याचा चेहरा त्यांना दिसतच नसे, आणि तेच त्यांना हवं असायचं. "तोंड दिसलं का कीव येते जी," ते म्हणायचे, "अन् कीव आली का मी चूप होतो. मले चूप नाही राहाचं." मी त्यांना ओळखत होते तेवढ्या वर्षांत तो चष्मा डोळ्यांवर कमी आणि खिशात जास्त राहिला. त्यांच्या रागाची लोकांनी पुष्कळ टिंगल केली. आज मागे वळून पाहते तेव्हा मला त्या टिंगल करणाऱ्यांचाच राग येतो, आणि तो वयाबरोबर कमी होण्याचं काही लक्षण दिसत नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच वर्गात. आणीबाणी उठून थोडेच दिवस झाले होते. साकोलीच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचे, नोकरी नवी होती. पहिल्या वर्षाला आनुवंशिकतेचा धडा चालू होता: वाटाण्याची उंच झाडं, बुटकी झाडं, आणि चारात एक बुटकं. मागच्या बाकावर पिकल्या केसांचे एक गृहस्थ बसले होते. मला वाटलं, कुणीतरी तपासणीला आलं असावं, म्हणून मी जरा जास्तच मोठ्यानं शिकवत होते. तास संपता संपता ते उभे राहिले.

"बाई, एक विचारू का? झाडायसारखंच माणसात बी चारात एक बिमार निघते म्हणतेत. मंग पहिलं लेकरू बिमार निघालं, तर पुढचे तीन चांगले निघतीन का?"

पोरं हसली. मी हसले नाही, पण मलाही प्रश्न सोपाच वाटला. मी म्हटलं, तसं नसतं. प्रत्येक मूल म्हणजे नवा डाव. आधी काय झालं ते गर्भाला ठाऊक नसतं. प्रत्येक वेळी चारात एक, तेवढीच भीती.

त्यांनी चष्मा काढला, खिशात ठेवला. "मंग हे त्या डॉक्टरले कोणी शिकवलं नाही?" असं म्हणाले आणि वर्गाबाहेर निघून गेले.

मी त्यांना शोधत गेले तेव्हा ते कॉलेजच्या फाटकाशी, सायकलच्या दांड्याला धरून उभे होते. तिथे उभ्याउभ्याच त्यांनी मला गिरजाची गोष्ट सांगितली. गिरजा ही त्यांची धाकटी बहीण. साकोलीपासून जंगलाच्या अंगाला असलेल्या एका गावात दिलेली. त्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. तिचा पहिला मुलगा सारखा आजारी असायचा. हातपाय सुजायचे, सांधे दुखायचे, डोळे पिवळे पडायचे. कुणी कावीळ म्हणे, कुणी संधिवात, कुणी नजर लागली म्हणे. शहरातला एक डॉक्टर दर गुरुवारी साकोलीच्या हमरस्त्यावरच्या दवाखान्यात बसायचा. रक्त पाहून त्यानं रोगाचं नाव बरोबर सांगितलं: सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी वाकून विळ्यासारख्या होतात आणि बारीक नसांत अडकतात. आईबाप दोघांच्याही रक्तात हा दोष लपलेला असला तर चारात एका लेकराला आजार होतो, हेही त्यानं बरोबर सांगितलं. मुलगा गेला. तेव्हा त्याच डॉक्टरनं गिरजाला धीर दिला, की चारातला एक होऊन गेला, आता पुढच्या तिघांची काळजी नको. गिरजानं विश्वास ठेवला. तिला मुलगी झाली, रेखा. आणि रेखा दोन वर्षांची व्हायच्या आतच तिचे हातपाय सुजले.

"रोग देवानं देल्ला असन," लांजेवार म्हणाले, "पण हा दुसरा दगा माणसानं देल्ला. मी त्याले दोन चिठ्ठ्या लिहिल्या. जवाब नाही. डॉक्टरले डॉक्टरचंच ऐकू येते, बाई. मंग मी बी डॉक्टर होतो."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलताहेत. पण ते नोकरी सोडूनच आले होते.

लांजेवार मूळचे इथलेच, बोडीच्या म्हणजे गावतळ्याच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या घरातले. गणितात एम.एस्सी. करून छत्तीसगडाकडच्या एका मोठ्या पोलाद कारखान्यात लागले आणि तिथे संगणक आला तेव्हा त्या विभागात गेले. तेव्हाचा संगणक म्हणजे खोलीभर कपाटं आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचे गठ्ठे. कुठल्या भट्टीत किती माल, कुठली वॅगन कधी निघणार, हे सगळं ते त्या पुठ्ठ्यांवर मांडायचे. विभागाचे प्रमुख झाले, बंगला मिळाला, गाडी न्यायला यायची. इतकी वर्षं बाहेर राहूनही बोलणं मात्र झाडीपट्टीचंच राहिलं. साहेब लोकांसमोरही "करून राहिलो" आणि "जाऊन राहिलो". कुणी सुधारायला गेलं की म्हणायचे, "तुमाले समजलं ना? मंग झालं."

रेखाच्या रक्ताचा अहवाल आला त्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला. त्यांची बायको शांताबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी साकोलीला बदली मागून घेतली. अख्ख्या गावानं या माणसाला वेड्यात काढलं तेव्हा शांताबाई फक्त एवढंच म्हणाल्या, की तिथे वॅगन मोजत होते तेव्हा कुणी वेडं म्हटलं नाही.

त्यांना करायचं होतं ते आज कुठल्याही विद्यापीठात सन्मानानं करता येतं. जीवशास्त्राचे प्रश्न संगणकानं सोडवणारे आता पैशाला पासरी आहेत. तेव्हा त्याला नावसुद्धा नव्हतं. लांजेवारांची कल्पना अशी: संगणकात खोटी गावं वसवायची. त्यांत खोटी कुटुंबं, त्यांची लग्नं, त्यांची मुलं. आपल्या भागात सोयरिकी कशा होतात, कुठल्या गावच्या मुली कुठे जातात, ते सगळं त्यात घालायचं आणि पिढ्यांमागून पिढ्या चालवून पाहायच्या. मग विचारायचं, की रक्त तपासायची साधनं थोडी आहेत, तर आधी कुणाला तपासावं म्हणजे जास्तीत जास्त लेकरं वाचतील? सगळ्यांना? शाळेतल्या मुलांना? की आजारी लेकराच्या काका-मामा-मावश्यांच्या, लग्न व्हायच्या पोरापोरींना?

हे घेऊन ते विद्यापीठात गेले. कुठलं ते सांगत नाही. प्राणिशास्त्रवाले म्हणाले, हे गणित आहे. गणितवाले म्हणाले, हे वैद्यक आहे. वैद्यकवाल्यांनी आधी पदवी विचारली आणि मग चहासुद्धा विचारला नाही. एका समितीनं तर लेखी विचारलं, की उमेदवाराचं वय पाहता संशोधनाचा समाजाला लाभ किती वर्षं मिळेल. या हेलपाट्यांत वर्ष गेलं. शेवटी एका प्राध्यापकांनी त्यांना घेतलं. नाव घ्यायची माझी इच्छा नाही, प्राध्यापकसाहेब म्हणूया. त्यांनी घेतलं ते विषयासाठी नव्हे. या माणसाला संगणक चालवता येतो हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. पुढची दोन वर्षं साहेबांच्या ओळखीच्या लोकांच्या परीक्षांचे निकाल, त्यांच्या मित्रांचे तक्ते, सगळं लांजेवारांनी करायचं आणि स्वतःचं काम उरलेल्या वेळात. एका मोठ्या कारखान्याचा विभागप्रमुख साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर तासन्‌तास बसलेला मी स्वतः पाहिला आहे. चष्मा अर्थातच खिशात.

पुठ्ठ्यांचे गठ्ठे ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून एसटीनं न्यायचे. कंडक्टर डबा टपावर टाकायला सांगायचा आणि दर वेळी भांडण व्हायचं. एकदा कंडक्टरनं चिडून विचारलं, की आहे तरी काय त्यात? लांजेवार म्हणाले, "दोन हजार माणसं आहेत. टपावर कसे बसवू?" सगळी बस त्या डब्याकडे बघत राहिली.

रक्ताचं काम मी करायचे. कॉलेजचा सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या आणि एक द्रावण. बोटातून एक थेंब घ्यायचा, द्रावण घालून काच बंद करायची, थांबायचं आणि पाहायचं. दोष असला तर पेशी वाकायला लागतात. तालुक्याच्या सरकारी डॉक्टरांनी परवानगी दिली होती. आम्ही शाळांच्या व्हरांड्यात बसायचो. प्रत्येक गावात लांजेवार आधी उभे राहून सांगायचे, की यात जे निघेल ते ज्याचं त्याला सांगू, पण गावाचं नाव, जातीचं नाव, घराचं नाव आमच्या तोंडून कधी बाहेर जाणार नाही. हा शब्द मी प्रत्येक गावात ऐकला आहे. त्या शब्दावर लोकांनी बोटं पुढे केली.

गिरजाच्या घरी मात्र अडलं. तिची सासू म्हणे, आमच्या घरात असं कधी नव्हतं, हिनंच माहेरून आणलं. मुलगा गेल्यापासून त्या बाईनं गिरजाला सणावाराला देवापुढे येऊ दिलं नव्हतं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाया एकमेकींच्या बांधीत, म्हणजे शेतात, जातात, तिथेही गिरजाला बाजूला ठेवत. लांजेवारांनी सगळ्यांसमोर जावयाला बोट पुढे करायला सांगितलं. तो सुतकी चेहऱ्यानं आईकडे बघत राहिला. सासू म्हणाली, त्याचं कशाला, तो धडधाकट आहे.

तेव्हा गिरजाच बोलली. तोवर त्या घरात मी तिचा आवाज ऐकला नव्हता. "माह्या रक्ताचा दोष गावभर सांगतला ना तुमी. मंग यायचं रक्त बी पाहू द्या. नाही निघाला तर मी उद्या माहेरी जातो."

जावयानं बोट पुढे केलं. मी काच लावली, थोडा वेळ गेला, आणि पेशी वाकल्या. सासूला मी सूक्ष्मदर्शकात पाहायला लावलं. तिला काय दिसलं कुणास ठाऊक. ती उठून आत गेली. माफी वगैरे तिनं कधी मागितली नाही. पण पुढच्या पोळ्याला गिरजानं घरच्या बैलांना ओवाळलं, हे मला लांजेवारांनी दोनदा सांगितलं.

रेखा तेव्हा शाळकरी होती, काडीसारखी, डोळे पिवळट. तिनंही डोळा लावून आपलं रक्त पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मामाजी, हे तं धान कापाचे विळे आहेत."  परत येताना लांजेवार सायकलवर माझ्या पुढे होते आणि सबंध वाटेत एकदाही मागे वळून बघितलं नाही.

काम झालं. खोट्या गावांनी खरं उत्तर दिलं: आजारी लेकराच्या नात्यातली, लग्न व्हायची मुलंमुली आधी तपासा. एवढं केलं तरी येऊ घातलेल्या आजारी लेकरांपैकी बरीचशी टळतील, आणि तेवढ्यासाठी एका तालुक्याला एक सूक्ष्मदर्शक आणि एक शिकवलेला माणूस पुरेल. प्रबंध लिहून झाला, टाइप होऊन आला. आणि त्याच सुमारास एका परिषदेत प्राध्यापकसाहेबांनी हे सगळं काम स्वतःच्या नावानं वाचून दाखवलं. एवढ्यावर थांबले असते तर लांजेवारांनी कदाचित गिळलंही असतं. साहेबांनी गावांची नावं वाचली. जातीचं नाव वाचलं. वर्तमानपत्रानं ते उचललं आणि 'रक्तदोषाची गावं' असा मथळा छापला.

तो लग्नसराईचा काळ होता. एका आठवड्यात त्या गावांतल्या ठरलेल्या सोयरिकी मोडायला लागल्या. ज्या मुलींचं रक्त आम्ही पाहिलं होतं आणि ज्यांच्यात काहीही नव्हतं, त्यांच्यासुद्धा. नाकाडोंगरीकडचं एक स्थळ हळदीच्या आदल्या दिवशी फिरलं.

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. मी मुद्दाम बरोबर गेले, कारण लांजेवारांच्या हातून काही होईल अशी मला भीती होती. तसं काही झालं नाही. ते खुर्चीवर न बसता उभे राहिले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "गावाची नावं काहून देल्ली?"

"नावांशिवाय शास्त्र होत नसतं, लांजेवार," साहेब म्हणाले. "आणि तुमचा प्रबंध तयार आहे. पुढच्या महिन्यात जमा करा. वर्षभरात नावामागे डॉक्टर लागेल. या वयात आणखी काय हवं माणसाला?"

"मी शब्द देल्ला होता."

"शब्द तुम्ही दिला होता. मी नाही."

हे वाक्य उच्चारताना त्या माणसानं टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवला, मला उकडत असेल म्हणून. त्या सौजन्याचा मला आजही संताप येतो.

लांजेवारांनी त्या दिवशी विद्यापीठात लेखी तक्रार दिली. प्रबंध जमा करायला महिना उरला असताना दिली. मी त्यांना विनवलं, की आधी पदवी घ्या आणि मग भांडा. ते म्हणाले, "बाई, त्या कागदावर माहा मार्गदर्शक म्हणून याची सही राहीन. तो कागद मी कोणाले दाखवू? त्या गाववाल्यायले?" चौकशी समिती बसली. तिनं साहेबांना काहीही विचारलं नाही आणि 'मार्गदर्शकाशी असहकार' या कारणावरून लांजेवारांची नोंदणी रद्द केली. साहेब पुढे मोठ्या मानानं निवृत्त झाले. त्यांचा सत्कार झाला तेव्हा मला निमंत्रण आलं होतं. मी ते पाकीट परत पाठवलं.

नोंदणी रद्द व्हायच्या आधीच लांजेवार त्या गावांत गेले होते. एकेका गावात, मी बरोबर होते. ज्या गावातली सोयरीक हळदीच्या आदल्या दिवशी मोडली, तिथे लोक शाळेपुढच्या पटांगणात जमले होते. मुलीचा बाप दौलतराव समोर बसला होता. लांजेवारांचा हात खिशाकडे जाईल म्हणून मी पाहत होते. त्यांनी चष्मा काढला नाही. दौलतरावच्या तोंडाकडे सरळ बघत उभे राहिले.

"माह्या रक्तात हा दोष आहे," ते म्हणाले. "माह्या बहिणीच्या आहे. माहं नाव घेऊन सांगा, गावोगाव सांगा. तुमचं मी सांगतलं नव्हतं. पण तुमी बोट माह्या हातात देल्लं होतं, त्याच्या नाही. म्हणून गुन्हा माहा आहे."

 दौलतराव म्हणाला, "तुमी खरं बोलून राहिले, हे समजते मले. पण माही पोरगी घरात बसून आहे. खरं बोलल्यानं ती उठते का?"

 माणसं उठून गेली तरी लांजेवार पटांगणात तसेच उभे होते. त्या मुलीचं लग्न दोन वर्षांनी झालं, दूर कुठेतरी. दौलतरावनं लांजेवारांशी पुन्हा कधी बोलणं ठेवलं नाही. लांजेवार त्याबद्दल कुरकुरले नाहीत. त्याचा हक्कच आहे, म्हणायचे.

मला वाटलं होतं, इथे हा माणूस संपेल. पन्नाशी उलटलेली. पण त्यांनी दुसऱ्या एका लांबच्या विद्यापीठात संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठलं. ते दक्षिणेकडचे, ठेंगणे, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सगळं वाचलं आणि गावांची नावं विचारली. लांजेवार म्हणाले, नाही देणार. "बरं," ते म्हणाले, "त्यांची गरज कुठे आहे?" हे मला सांगताना लांजेवारांनी डोळे पुसले. इतक्या वर्षांच्या धुमश्चक्रीनंतर कुणीतरी इतकं साधं बोललं, याचंच त्यांना रडू आलं होतं.

पुन्हा सगळं पहिल्यापासून. पुन्हा डबा, पुन्हा कंडक्टर. फक्त एसटीऐवजी आता रेल्वे आणि पुठ्ठ्यांऐवजी पुढे पुढे संगणकाच्या चकत्या. एकोणीसशे शहाऐंशीच्या सुमारास त्यांना पदवी मिळाली. शांताबाईंनी शाळेत पेढे वाटले. दारावर 'डॉ.' लिहू दिलं नाही लांजेवारांनी. लोक ताप घेऊन येतील, म्हणाले.

त्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी प्रबंधाची प्रत काखेत धरून ते हमरस्त्यावरच्या त्या दवाखान्यात गेले. मी सोबत होते. रोग्यांच्या रांगेत बसले, नंबर आला तेव्हा आत गेले. डॉक्टर बरेच म्हातारे झाले होते, वागायला सभ्य होते. लांजेवारांनी गिरजाचं नाव सांगितलं, वर्ष सांगितलं. डॉक्टरांना आठवेना.

"चारातला एक झाला, आता तिघांची काळजी नको, असं तुमी तिले म्हणलं होतं."

डॉक्टर हसले. "ते मी सगळ्यांनाच सांगतो हो. लोकांना धीर येतो."

सगळ्यांनाच. लांजेवारांनी चष्मा काढला नाही. काखेतला प्रबंध त्यांनी टेबलावर ठेवला आणि बाहेर आले. बाहेर करंजाचं झाड होतं, त्याच्या मुळाशी खाली बसले. मला वाटलं, छातीत दुखतंय. ते म्हणाले, "दहा वर्सं, बाई. मी त्या सायबाच्या दारात स्टुलावर बसून होतो, अन् हा इथं दर गुरुवारी सांगून राहिला होता. किती गिरजा झाल्या असतीन?"

पुढच्या गुरुवारी ते त्याच झाडाखाली सतरंजी टाकून बसले. जवळ कापडी पिशवी आणि तिच्यात चार चिंचोके, एकावर चुन्याची खूण. सुजल्या हातापायांचं लेकरू कडेवर घेऊन कुणी बाई दवाखान्यातून बाहेर आली की ते तिला हाक मारायचे आणि पिशवीत हात घालायला सांगायचे. खुणेचा निघाला तर म्हणायचे, आता परत टाक. पुन्हा काढ. ती परत टाकायची, पुन्हा काढायची, आणि कधी लागोपाठ दोनदा खुणेचाच निघायचा. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते कुठल्या प्रबंधात लिहिता येत नाही. "तो परत पिशवीतच जाते, माय," लांजेवार सांगायचे. "दर खेपेले चारही चिंचोके आतच राहतेत. आता घरी जा, दोघं बसून ठरवा. मी तुमाले पोरं होऊ देऊ नका असं नाही म्हणत. खोटं ऐकून नका ठरवू, एवढंच म्हणतो." दवाखान्याच्या शिपायानं त्यांना दोनदा हुसकलं. ते झाडाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसले. जमीन सरकारी रस्त्याची होती, तिथून त्यांना कुणी उठवू शकलं नाही.

असं त्यांनी जवळजवळ तीन वर्षं केलं. ऊन असो, थंडी असो, गुरुवार चुकवला नाही. माझ्या कॉलेजातले लोक यावरही हसायचे. डॉक्टरेट घेतली आणि चिंचोके खेळायला बसले, म्हणायचे. त्यांच्यातल्या एकालाही त्या पिशवीतून सुटलेल्या घरांची नावं ठाऊक नव्हती. मला काही ठाऊक आहेत. मी ती सांगणार नाही.

लांजेवार हिवाळ्यात गेले, सकाळी चहा घेताना, शांताबाईंच्या समोर. त्यांना जाळून आलो तो मंगळवार होता. गुरुवारी मी कॉलेजातून घरी परतताना हमरस्त्यावरून गेले, उगीच, त्या रिकाम्या झाडाकडे एकदा बघावं म्हणून. झाडाखाली सतरंजी होती. रेखा बसली होती. आता पंधरा-सोळा वर्षांची झालेली, दुखण्यानं वाळलेली, अंगाभोवती शाल घट्ट ओढून. समोर पिशवी. डोळे सुजलेले होते, पण रडत नव्हती. मी तिच्याशेजारी बसले.

दवाखान्यातून एक बाई लेकरू घेऊन आली. रेखानं हाक मारली. त्या बाईच्या मागोमाग डॉक्टर स्वतः बाहेर आले. बहुधा लांजेवार गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं आणि आता तरी ही कटकट संपली असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी रेखाला विचारलं, की तू कोण? इथे कशाला बसलीस?

रेखा उठली नाही. तिनं मान वर केली.

"पहिला गेल्यावर तुमी माह्या मायले म्हणलं, आता पुढचे चांगले निघतीन. त्यातली पुढची मी."

डॉक्टर वळले. आत गेले आणि दाराचा पडदा सोडला. ती बाई लेकराला कडेवर घेऊन आमच्याकडे बघत उभीच होती. रेखानं सतरंजीवर तिच्यासाठी जागा केली आणि पिशवीचं तोंड उघडून तिच्यापुढे धरलं.

"घाल वो हात," ती म्हणाली.